घर बांधताना जुना आंबा आणि त्याची मुळं कशी राखायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात, फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित ६०० चौरस मीटर जागा आहे. जुनं मातीचं घर पाडून तिथं दुमजली घर बांधायचंय. नैऋत्येच्या कोपऱ्यात मानकुरादचा जुना आंबा आहे, बुंध्याचा घेर २.२ मीटर. मागच्या बाजूला फणस, पुढं रस्त्याकडे तीन माड. आर्किटेक्टच्या आराखड्यात घराची भिंत आंब्यापासून ५ मीटरवर येते आणि सेप्टिक टँक फणसाच्या बुडाशी. ठेकेदार म्हणतो, मुळं उद्या पाया उचकटतील, आत्ताच तोडून मोकळे व्हा. वडील म्हणतात, आंब्याला हात लावायचा नाही. ५ मीटर पुरेत का, पायाला खरंच धोका आहे का, आणि ठेकेदाराला नेमकं काय सांगायचं, हे तुम्हाला हवंय.

५ मीटर पुरत नाहीत. पायाला धोका जवळजवळ नाही. आणि ठेकेदाराला सांगायच्या गोष्टींपैकी बहुतेक आज तुमच्या नकाशावर कुठंच नाहीत, खरी अडचण तिथं आहे. घराच्या पायामुळं मेलेली झाडं मी कमी पाहिली. पाइपचा चर, कंपाउंड वॉलचा पाया, भरावाची माती आणि झाडाखाली उभा केलेला जेसीबी यांनी मेलेली पुष्कळ पाहिली. या कामांचा निर्णय कोणी बसून घेत नाही. सकाळी साइटवर जो माणूस हजर असतो तो घेतो.

आधी मुळांचं. बहुतेकांच्या मनात झाडाचं मूळ म्हणजे गाजरासारखं सरळ खाली गेलेलं सोटमूळ असतं. रोपट्यात ते खरं आहे. मोठ्या झाडात सोटमूळ मागं पडतं आणि झाड उभं राहतं ते आडव्या पसरलेल्या जाड मुळांवर. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक तंतुमुळं तर बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात, कारण मुळांना श्वास लागतो आणि हवा तेवढीच खोल पोचते. आपल्याकडे हे जास्तच खरं. वर थोडी लाल माती, खाली जांभा. काही मुळं जांभ्याच्या भेगांतून खोल जातात, पण मुख्य पसारा वरच्या थरातच राहतो आणि तो फांद्यांच्या टोकांच्या बराच पुढं जातो, कधी दुप्पट अंतरापर्यंत. सावली पडते तेवढीच मुळं, हा साइटवर सर्रास ऐकू येणारा हिशेब म्हणून चुकतो.

मग अंतर किती ठेवायचं? ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी बीएस ५८३७ हे मानक वापरतात, त्याची २०१२ ची आवृत्ती मी समोर ठेवतो. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजायचा आणि त्याच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. त्या वर्तुळातली जमीन झाडाची. झाड कितीही अवाढव्य असलं तरी त्रिज्या १५ मीटरच्या पुढं धरत नाहीत. ऑस्ट्रेलियाचं मानकही १२ पटच सांगतं. व्यास मोजायला अवघड वाटत असेल तर बुंध्याभोवती टेप फिरवा आणि घेराला ३.८ नं गुणा, तेच उत्तर येतं. तुमच्या आंब्याचा घेर २.२ मीटर, म्हणजे व्यास साधारण ७० सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्या ८.४ मीटर. क्षेत्रफळ सुमारे २२० चौरस मीटर.

६०० चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये हा आकडा ऐकून माणूस घाबरतो. पण झाड कोपऱ्यात आहे, वर्तुळाचा मोठा भाग तुमच्या हद्दीबाहेर पडतो. शिवाय हे वर्तुळ कागदावरच गोल असतं. पलीकडे डांबरी रस्ता असेल तर त्याच्याखाली मुळं कमी असतील आणि तुमच्या अंगणाकडे जास्त. शेजाऱ्याची मोकळी बाग असेल तर उलट. म्हणून वर्तुळ ही सुरुवात समजा. प्रत्यक्ष मुळं कुठं आहेत हे खणूनच कळतं, त्याकडे पुढं येतो.

जाता जाता: झाडाभोवती 'एक मीटर सोडला की झालं' असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं, तेव्हापासून तो आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. रस्त्याकडेला आधीच काँक्रीटमध्ये गुदमरलेल्या झाडांना थोडा श्वास मिळावा म्हणून तो आदेश होता. नवं घर किती लांब बांधायचं याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता तुमची ५ मीटरवरची भिंत. भिंत ५ मीटरवर असली तरी खड्डा ५ मीटरवर थांबत नाही. फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळ, भिंतीच्या बाहेर येतं, त्याच्याबाहेर सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावायला आणि माणसाला उभं राहायला जागा लागते. म्हणजे खणलेली कड ४ मीटरवर येते. भिंत आंब्यासमोरून सरळ जाते असं धरलं तर ४ मीटरवरची कड वर्तुळाचा सुमारे २१ टक्के भाग कापते. ऑस्ट्रेलियन मानकात १० टक्क्यांपर्यंतचं अतिक्रमण किरकोळ धरतात, तेही दुसऱ्या बाजूला तेवढीच सलग जागा झाडाला मोकळी ठेवून. त्यापुढं गेलात तर झाड टिकेल हे जाणकारानं मुळं तपासून दाखवायचं असतं. हीच कड ६ मीटरवर नेली तर कापला जाणारा भाग ९ टक्क्यांच्या आत येतो. दोन मीटर सरकल्यानं नुकसान निम्म्याहून कमी होतं. तुमच्या घराचा नुसता कोपराच वर्तुळात शिरत असेल तर आकडा आणखी कमी येईल. आर्किटेक्टला संगणकावरच्या नकाशात (कॅडवर) वर्तुळ काढून कापला जाणारा भाग मोजायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. मात्र मोजायची ती खड्ड्याची कड, भिंत नव्हे.

याखेरीज बुंध्याभोवतीचे पहिले तीन मीटर वेगळे समजा. तिथली मुळं पोसणारी कमी, झाडाला उभं धरणारी जास्त. या पट्ट्यात खणाई नाहीच, सवलतही नाही.

सगळं घर दोन मीटर सरकवायची गरज नसते. आंब्याकडचा कोपरा आत घ्या. तिथं खोलीऐवजी उघडा व्हरांडा, बसायचा सोपा किंवा नुसतं अंगण येऊ द्या. वरच्या मजल्याला ती जागा हवी असेल तर स्लॅब पुढं काढता येतो, जमिनीला हात न लावता. मात्र तेव्हा फांद्यांची उंची आणि पसारासुद्धा नकाशावर हवा, नाहीतर स्लॅबच्या सेंट्रिंगच्या दिवशी कोयता बाहेर निघतो.

ठेकेदाराच्या भीतीबद्दल. मुळं पाया फोडतात ही समजूत सगळीकडे आहे आणि तिला थोडा आधारही आहे, पण तो आपल्या जमिनीतला नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी ओढतं, माती आकसते, पाया एका बाजूनं खचतो आणि भिंतीला तडे जातात. लंडनच्या चिकणमातीतही हेच होतं, म्हणून इंग्रजी पुस्तकांत झाड आणि पाया यांच्यावर प्रकरणं असतात. आपली जांभ्याची लाल माती तशी फुगत-आकसत नाही. मूळ जाड होताना जो जोर लावतं तो अंगणातली लादी, पायरी किंवा हलका गडगा (सुक्या दगडांची बुटकी भिंत) उचलायला पुरतो. दुमजली घराचं वजन घेतलेलं फुटिंग उचलायला पुरत नाही, मूळ वळसा घालून जातं. सांडपाण्याच्या पाइपचंही तसंच. धड पाइप मूळ फोडत नाही, सांध्यातून गळणाऱ्या पाइपात ते पाण्याच्या मागं शिरतं. भराव घातलेली शेतजमीन किंवा खाजनालगतची (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीलगतची) चिकणमाती असेल तर मात्र माझं हे म्हणणं तिथं लावू नका, इंजिनिअरकडून माती तपासून घ्या. आणि वड-पिंपळ हे कुटुंबच निराळं. त्यांचं बी कावळ्यानं भिंतीच्या फटीत टाकलं तर रोप बोटभर असतानाच उपटायचं.

वर्तुळाच्या आत थोडं बांधणं टळतच नसेल तर पायाचा प्रकार बदला. चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या ठोकळ्यांचा, सलग पाया म्हणजे सलग चर, म्हणजे वाटेत येणारं प्रत्येक मूळ कापलं जाणार. त्याऐवजी त्या भागात सुटे कॉलम घ्या आणि प्लिंथ बीम (कॉलम जोडणारी, भिंत पेलणारी आडवी तुळई) जमिनीच्या वर, खाली थोडी पोकळी ठेवून टाका. खड्डे हातानं खणायचे. जाड मूळ लागलं तर कॉलम फूटभर इकडेतिकडे सरकवता येईल अशी सोय इंजिनिअरनं हिशेबात आधीच ठेवायची. मूळ दिसल्यावर त्याला फोन केलात तर तो कापाच म्हणेल, आणि त्याचं चूक नाही, कारण सळई तोवर बांधून झालेली असते. काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्याला आतून जाड प्लॅस्टिक लावा. ओल्या सिमेंटचं पाणी भिजवलेल्या चुन्यासारखं जहाल असतं, ते मुळांशी झिरपू नये.

म्हणून आराखडा पक्का होण्याआधी चाचणीचे खड्डे खणून बघा. भिंत जिथं येणार त्या रेषेवर, आंब्याच्या समोर, तीन-चार ठिकाणी. प्रत्येक खड्डा एक मीटर लांब, फावड्याच्या रुंदीचा, पाऊण मीटर खोल. कुदळ जपून चालवायची, मूळ दिसलं की खुरप्यानं माती काढायची. परदेशात दाबाच्या हवेनं माती उडवतात, आपल्याकडे एक शहाणा गडी आणि एक सकाळ पुरते. किती मुळं आली, किती जाड, किती खोलीवर, हे टेप धरून फोटोत घ्या आणि खड्डे त्याच दिवशी बुजवा. २५ मिलिमीटरपेक्षा बारीक मूळ करवतीनं स्वच्छ कापलं तर झाड सहसा सोसतं. त्याहून जाड मूळ दिसलं तर थांबा आणि झाडातल्या जाणकाराला विचारा. एका खड्ड्यात मनगटाएवढी दोन-तीन मुळं निघाली तर ती रेषा सोडून द्या, मग वर्तुळाचा हिशेब काहीही सांगो.

आता नकाशावर नसलेल्या गोष्टी. पहिली, चर. पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, विजेची केबल, सोकपिटाची (सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याची) लाइन. घर पूर्ण होत आल्यावर प्लंबर येतो आणि दोन टोकांमधली सर्वांत जवळची वाट धरतो, ती हमखास झाडाखालून जाते. बुंध्यापासून दोन मीटरवर आडवा गेलेला अर्धा मीटर खोल चर एका बाजूची बहुतेक सगळी मुळं एका दुपारीत तोडतो. ५ मीटरवरच्या भिंतीवर महिनाभर चर्चा करायची आणि हा चर कोणी विचारायचाही नाही, असं चालतं. सगळ्या लाइन्स पहिल्याच नकाशात काढून घ्या, शक्यतो एकाच चरात आणि वर्तुळाबाहेरून. दुसरी वाटच नसेल तर त्या भागात हातानं खणून पाइप मुळांच्या खालून ओवून न्यायचा, मूळ कापायचं नाही. प्लंबर कुरकुरेल. त्याला त्या दिवसाची जास्त मजुरी द्या.

फणसाजवळचा सेप्टिक टँक तिथून हलवाच. खणाईचा प्रश्न आहेच, पण फणसाचं वैर साचलेल्या पाण्याशी आहे. आंबा थोडा पाणथळपणा सोसतो, फणस नाही सोसत, मुळाशी पाणी तुंबलं तर उभा वाळतो. सोकपिट त्याच्या मुळांत आलं किंवा छपराचं पाणी पन्हळीतून त्याच्या बुडाशी सोडलं तर पाऊस त्याच्यासाठी घातक ठरेल. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या छपराचं एवढं पाणी कुठं जाणार हे ठरवूनच ठेवावं लागतं. जागेत विहीर असेल तर गाळून तिच्याकडे न्या.

दुसरी, कंपाउंड वॉल. घराच्या नकाशावर डोकं खपवणारी माणसं कंपाउंड वॉल ठेकेदारावर सोडून देतात. तो हद्दीवर सलग चर मारून चिऱ्यांचा पाया भरतो. तुमचा आंबा कोपऱ्यात आहे, म्हणजे दोन बाजूंनी दोन चर. घरापासून वाचवलेली मुळं इथं जातील. वर्तुळाच्या भागात अडीच-तीन मीटरवर एकेक खड्डा, त्यात छोटा कॉलम, जमिनीच्या किंचित वर बीम आणि बीमवर चिरे, असं करा. खर्च थोडा वाढतो. जुना सुका गडगा शाबूत असेल तर तो पाडण्याची तरी काय घाई आहे?

तिसरी, भराव. रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, म्हणून प्रत्येकाला अंगण उंच करून हवं असतं. पाया खणून निघालेली माती आणि जुन्या घराच्या भिंतींची माती हाताशीच असते, ती झाडाखाली पसरली की काम फुकटात होतं. फूटभर मातीखाली तंतुमुळं गुदमरतात आणि बुंध्याची साल ओल धरून कुजते. बुंध्याभोवती चिऱ्यांचं आळं करून बाहेर भराव टाकला की झाड वाचलं, असं समजतात. वाचतो तो बुंधा. मुळं आळ्याच्या बाहेर असतात. उतारावरच्या प्लॉटमध्ये उलट होतं, झाडाच्या खालची बाजू कापून भिंत बांधतात आणि झाड अर्ध्या मुळांवर कड्यावर उभं राहतं. तुमची जागा उताराची असेल तर डोंगर कापायला आणि सखल जागेत भराव घालायला नगर नियोजन कायद्याच्या १७ अ कलमाखाली आधी परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

चौथी, सावली. साइटवर मार्च महिन्यात सावली कुठं असते? आंब्याखाली. म्हणून चिरे तिथं उतरतात, सिमेंटच्या गोणी तिथं, काँक्रीटचा मिक्सर तिथं, जेवणाची चूल तिथं, दुपारी जेसीबीही तिथंच उभा. जड यंत्र दोन-चार वेळा फिरलं की मातीतली पोकळी दाबली जाते. पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही. ओल्या मातीत तर एका फेरीत होतं, त्यामुळं पावसात आणि पावसानंतर लगेच जेसीबी आत घेऊ नका. मिक्सर धुतलेलं पाणी मुळांत जातं, चुलीच्या झळीनं साल भाजते, आणि सालीखालचा थर मेला की त्या बाजूची वाट कायमची बंद. गड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची चांगली शेड घालून द्या, पाण्याची टाकी तिच्याजवळ ठेवा. आंबा वाचवण्यासाठी केलेला हा सर्वांत स्वस्त खर्च असेल.

आणि कुंपण घाला. जुनं घर पाडण्याच्या आधी. बहुतेक लोक पाया खणताना घालतात, तोवर पाडकामाचा ट्रक मुळांवरून फिरून गेलेला असतो. बुंध्याला गोणपाट किंवा फळ्या बांधणं म्हणजे कुंपण नव्हे. कुंपण वर्तुळाच्या कडेला, खांब रोवून आणि पत्रे ठोकून, माणूसभर उंच. दोरी आणि लाल फडकं दोन दिवस टिकतं. कुंपणाच्या आत काही ठेवायचं नाही, काही ओतायचं नाही, आणि माझ्या मते दारही ठेवायचं नाही, दार असलं की उघडतं. जिथून ये-जा टाळताच येत नाही तिथं जमिनीवर लाकडी भुशाचा किंवा पाल्याचा वीतभर थर देऊन वर जाड फळ्या टाका.

ठेकेदाराला हे सगळं तोंडी सांगू नका. करारात घाला: कुंपण उभं राहिल्यावर पहिला हप्ता, कुंपण हलवायचं तर तुमची लेखी संमती, कुंपणाच्या आत नुकसान झालं तर कापायची रक्कम किती. रक्कम झाडाच्या किमतीशी जुळेल अशी ठेवा, पाचशे रुपये दंड म्हणजे भाडं होतं. आणि कामावर रोज असणाऱ्या मुकादमाशी स्वतः बोला. करार ठेकेदाराच्या फायलीत असतो, जेसीबीवाल्याला थांबवणारा मुकादम असतो.

माडांबद्दल फार नको. माडाची मुळं एकसारख्या जाडीची, झुबक्यातून निघणारी, बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत. १२ पटीचा हिशेब त्याला लागू नाही. दोन-अडीच मीटर मोकळे ठेवा, कुंपण तेवढंच घाला. तुटलेल्या मुळांच्या जागी माड बुडातून नवी काढतो. पण खोडाची जखम मात्र कधी भरून येत नाही, म्हणून जेसीबीचा बकेट आणि ट्रकची मागची बाजू त्याच्यापासून लांब ठेवा. घराच्या दृष्टीनं माडाचा प्रश्न मुळांचा नाहीच. वरून नारळ आणि झावळ्या पडतात, तेव्हा गाडी उभी करायची जागा तिथं काढू नका.

पावसाळा आणि वारा यांचा विचार झाडाच्या बाजूनंही करा. जोराचा वारा आपल्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. वाऱ्याच्या बाजूची मुळं ताण घेतात, पलीकडची टेकू देतात. तुमचा आंबा नैऋत्येला आणि घर त्याच्या आडोशाच्या बाजूला आहे. म्हणजे पडला तर घराकडे पडेल. आणि त्याला त्या दिशेला पडू न देणारी ताणाची मुळं नेमकी दोन कंपाउंड वॉलच्या बाजूला आहेत. वर कंपाउंड वॉलवर मी एवढा वेळ घेतला तो यासाठी. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर मोठ्या झाडाची भीती लोकांच्या मनात बसली आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण शाबूत मुळांचं झाड आणि दोन बाजूंनी मुळं तोडलेलं झाड यांत फरक आहे.

याच भीतीनं लोक बांधकामाआधी झाड 'हलकं' करून घेतात, शेंडा उतरवतात. नको. मुळं कमी झाली म्हणून पानंही कमी करा, हा जुना सल्ला आहे. झाडाला नवी मुळं काढायला लागणारं अन्न पानांतच तयार होतं. वाळलेल्या फांद्या, घराच्या आड येणारी एखादी फांदी, एवढंच काढा, आंबे उतरल्यावर, आणि फांदीच्या गळ्याशी स्वच्छ कापून. कापावर डांबर फासू नका.

कायद्याची बाजू. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा. खाजगी जागेतलं झाडसुद्धा वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०१६ साली माडाला या कायद्यातून वगळलं, त्यावर गोव्यात मोठं वादळ उठलं आणि २०१७ साली त्याला राज्यवृक्ष करून संरक्षण परत दिलं. ठेकेदार 'माडाला काय लागतं' म्हणाला तर तो २०१६ मध्ये अडकलाय. नगर नियोजन खात्याकडे आणि पंचायतीकडे जाणाऱ्या साइट प्लॅनवर प्रत्येक झाड त्याच्या वर्तुळासकट दाखवा. आर्किटेक्ट म्हणेल, कशाला उगाच. नकाशावर वर्तुळ असलं की इंजिनिअर, प्लंबर आणि गवंडी तिघांच्या हातात ते पोचतं, त्यासाठी.

प्रत्येक झाडासाठी एवढं करावं असं मी म्हणणार नाही. घराला खेटून उगवलेला अकेशिया किंवा ठिसूळ फांद्यांचा जुना गुलमोहर असता तर परवानगी घेऊन काढा असं सांगितलं असतं. दहा वर्षंही टिकेल असं वाटत नाही त्या झाडासाठी घराचा आराखडा वाकवू नये. तुमचा आंबा त्यातला आहे का, हे आधी तपासून घ्या. बुंध्यावर लाकडी हातोड्यानं ठोकून पोकळ आवाज येतो का, बुडाशी कठीण बुरशी धरली आहे का, शेंड्याकडच्या फांद्या पर्णहीन आहेत का. तसं काही नसेल तर मानकुरादचा धरता आंबा नव्यानं लावून मिळत नाही. उचलून दुसरीकडे लावण्याचा पर्यायही या वयाच्या आंब्याला मी सुचवणार नाही. त्यात मुळांचा जेवढा भाग मागं राहतो, तेवढा तुमच्या ५ मीटरच्या भिंतीनंही गेला नसता.

घर झाल्यावर आंब्याखाली पेव्हर ब्लॉक घालू नका. त्यांच्याखाली खडी टाकून रोलर फिरवतात, मग वर फटी असल्या काय नि नसल्या काय. फरशी हवीच असेल तर चिरे सुटे, माती न दाबता, वाळूवर मांडा, आणि वर्तुळातल्या मोकळ्या जमिनीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त झाकू नका. पडलेली पानं जाळू नका. तीच झाडाखाली चार बोटं पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब. पहिली दोन-तीन वर्षं फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एकदा सावकाश, खोल पाणी द्या, बुंध्याशी नव्हे, फांद्यांच्या टोकांखाली. मुळांना लागलेला मार झाडावर लगेच दिसत नाही, दोन ते पाच वर्षांनी दिसतो, आणि तोवर ठेकेदाराचा हिशेब कधीच मिटलेला असतो. म्हणून करारातली काही रक्कम दोन पावसाळ्यांपर्यंत रोखून ठेवता आली तर बघा. पानं लहान यायला लागली, पालवी एकाच बाजूला फुटली, शेंड्याकडून फांद्या वाळू लागल्या तर खत घालून काही होत नाही, माती मोकळी करून पाणी सांभाळा. बुडाशी बुरशीचं कठीण छत्र दिसलं किंवा बुंध्याजवळ जमिनीला भेग पडली तर मात्र पावसाची वाट न बघता झाड दाखवून घ्या.